वर्गात पाच भाषा, फळ्यावर इंग्रजी: सोलापूरच्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, पालकसभेत आणि रात्री नऊनंतर फोनवर जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. समावेशक इंग्रजी अध्यापन म्हणजे दिव्यांग मुलांसाठीचंच ना?

ती मुलं त्यात येतातच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आणि अध्ययन अक्षमताही त्यात आहे. पण अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल या भागातल्या कुठल्याही वर्गाची हजेरी घेऊन बघा. घरी तेलुगु बोलणारी पद्मशाली मुलं, अक्कलकोटकडून आलेली कन्नड मुलं, दखनी (दक्षिणेतली उर्दू) बोलणारी मुलं, तांड्यावरची बंजारा मुलगी, आणि ज्याच्या घरात सातवीच्या पुढे आजवर कुणी गेलेलं नाही असं मराठी मूल, सगळी एका रांगेत बसलेली असतात. या सगळ्यांना इंग्रजी यावं म्हणून शिकवण्यात जे जे बदल करावे लागतात, ते सगळे यात मोडतात. धडा तोच आणि अपेक्षाही तीच ठेवायची. त्या धड्यापर्यंत पोचायच्या वाटा मात्र वाढवायच्या.

2. माझ्या वर्गात चार-पाच घरभाषा आहेत. मला फक्त मराठी येते. मग कुठल्या भाषेतून समजावू?

मराठीतूनच समजावा, पण मुलांच्या भाषांना वर्गात जागा द्या. त्यासाठी तुम्हाला तेलुगु यायची गरज नाही, मुलांना येते तेवढं पुरतं. मी नवीन शब्द फळ्यावर लिहिते आणि विचारते, "घरी काय म्हणता याला?" मुलं सांगतात, मी ते देवनागरीत शेजारी लिहिते, माझा उच्चार चुकला की तीच दुरुस्त करतात. यात तीन मिनिटं जातात. तेवढ्यात 'मदर'च्या पुढे आई, अम्मा, अव्वा, अम्मी, याडी अशी ओळ तयार होते, आणि तोवर गप्प बसलेल्या मुलांपैकी निम्मी तरी एकदा बोललेली असतात.

गोष्ट सांगायची असेल तर आधी ती जोडीजोडीने घरच्या भाषेत सांगू द्या, मग मराठीत, मग इंग्रजीतली दोन वाक्यं. विचार घरच्या भाषेत तयार झाला असला की इंग्रजी शब्द शोधायला डोकं मोकळं राहतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. मला त्यातलं मोठं काम मातृभाषेचं वाटतं.

3. एकाच वर्गात शिकूनही प्रत्येक मूल वेगळीच चूक करतं. असं का होतं?

चुकीच्या मागे बहुतेक वेळा घरची भाषा उभी असते. हे एकदा कळलं की लाल पेनाने गोल करायच्या आधी हात थांबतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

तेलुगुत शब्द सहसा स्वराने संपतात. बसला 'बस्सु', कारला 'कारु', बुकला 'बुक्कु' म्हणायची घरातच सवय असते. कन्नडमध्येही तेच. त्यामुळे ते मूल इंग्रजी वाचताना शेवटी बारीकसा 'उ' लावतं. त्याला अक्षरं कळत नाहीत असा याचा अर्थ होत नाही.

पण याच मुलाचा कान एका बाबतीत मराठी मुलापेक्षा तयार असतो. तेलुगु आणि कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, दोघांना वेगळी अक्षरं आहेत. मराठीत ती सोय नाही. आपण 'मिळवणे' या अर्थाचा गेट आणि 'फाटक' या अर्थाचा गेट सारखाच लिहितो. लेखणीही पेन आणि वेदनाही पेन. हा फरक शिकवताना मी आता तेलुगु किंवा कन्नड मुलीला पुढे बोलावते. तिला तो सहज ऐकू येतो, आणि त्या दिवसापुरती ती वर्गाची शिक्षिका होते.

'ही, शी, इट'चं बघा. मराठीत खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो', म्हणून मराठी मूल खुर्चीला 'शी' म्हणतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला सरळ 'अदु', म्हणजे इंग्रजीसारखीच विभागणी: अवनु, अवळु, अदु. कन्नड मुलाला खुर्चीसाठी 'इट' शिकवावंच लागत नाही. तेलुगुत मात्र एकवचनात स्त्रीलिंगी क्रियापद आणि निर्जीवाचं क्रियापद एकच असतं, आणि घरगुती बोलण्यात 'अदि' दोघांनाही चालतं. म्हणून तेलुगु मूल बहिणीबद्दल 'इट' म्हणालं तर त्यात अपमान शोधू नका.

दखनी बोलणाऱ्या मुलांना 'झेड' आणि 'एफ'चे आवाज बहुतेक घरूनच येतात. 'झीरो'चा 'जीरो' ती करत नाहीत.

आणि काही चुका सगळ्यांच्या सारख्या. आपल्या या सगळ्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आय मँगो ईट' सगळीच म्हणतात. 'ए, ॲन, द' आपल्या एकाही भाषेत नाहीत. मोठी आणि लहान लिपीही नाही. या गोष्टी सगळ्या वर्गाला एकदम आणि निवांत शिकवाव्यात, वर्षभर पुन्हा पुन्हा.

4. एखाद्याच्या उच्चाराला वर्ग हसतो. काय करू?

तिथल्या तिथे थांबवा, आणि हसणाऱ्याला उभं करू नका, नाहीतर हसण्याची फिरती पाळी सुरू होते. माझ्या वर्गात एकदा मागून आवाज आला, "तुझं इंग्लिश तेलुगु वाटायलंय बे." ज्याला उद्देशून होतं तो मुलगा पुढचे पंधरा दिवस वाचायला उठला नाही. मी तेव्हा नुसतं "शांत बसा" म्हणाले होते. ते पुरेसं नव्हतं.

आता मी वर्षाच्या सुरुवातीलाच तिसऱ्या उत्तरातल्या गोष्टी मुलांना सांगून टाकते. प्रत्येकाच्या भाषेचा एक सोपा आणि एक अवघड आवाज आम्ही शोधतो. मराठी मुलांना 'डब्ल्यू'चा 'वाइन' (दारू) आणि 'व्ही'चा 'वाइन' (वेल) वेगळे म्हणायला लावते, त्यांचीही जीभ अडखळते. कारण समजलं की हसू आपोआप कमी होतं. मोठ्याने वाचनही एकट्याने नको. आधी समूहाने, मग जोडीने, आणि एकट्याने वाचणं ज्याला हवं त्याला.

5. घरी आम्ही तेलुगु बोलतो. मुलीचं इंग्रजी सुधारावं म्हणून घरी तेलुगु बंद करू का?

अजिबात करू नका. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आईने मुलीशी बोलण्यापेक्षा भरभरून तेलुगुत बोलणं इंग्रजीच्या दृष्टीनेही जास्त उपयोगाचं आहे. गोष्ट सांगणं, कारण विचारणं, भांडणात आपली बाजू मांडणं ही कौशल्यं एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत जातात. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिकवावं असंच म्हणतं.

आई विड्या वळताना मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. तिला मी सांगते, मुलीला विचारा, "आज शाळेत काय झालं?" आणि सगळं ऐकून घ्या. तुमच्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

6. आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा बोलली तर दंड आहे. हे बरोबर आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, आणि घरच्या भाषेसाठी मुलाला लाजवणं हा छळच आहे. त्याच कायद्याचं कलम 29 शिकवण्याचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं असं सांगतं. दंडाने मुलं इंग्रजी बोलायला लागत नाहीत, गप्प बसायला शिकतात. तासातली दहा मिनिटं 'फक्त इंग्रजी'ची ठेवायची असतील तर जरूर ठेवा, पण तो खेळ असू द्या. अडलं की मराठी शब्द घालायची परवानगी त्यातही हवी.

7. पुस्तकातले काही प्रसंग मुलांना परके वाटतात. वेगळं साहित्य कुठून आणू?

विकत काही आणू नका. आपल्या गावात इंग्रजी कमी नाही. टेरी टॉवेलच्या कोपऱ्याला शिवलेलं लेबल मी एकदा वर्गात नेलं. बोटभर कापड, त्यावर 'हंड्रेड पर्सेंट कॉटन', 'वॉश सेपरेटली', 'मेड इन इंडिया'. चाळीस मिनिटं त्या एका लेबलवर गेली. 'सेपरेटली' का, हे ज्या मुलाने सांगितलं त्याचे वडील रंगाच्या खात्यात कामाला होते: "पहिल्या धुण्याला रंग जातो मॅडम, बाकीची कापडं खराब होतात." इंग्रजीत त्याचा क्रमांक शेवटून तिसरा होता.

यंत्रमागाच्या घरातल्या मुलांना बीम, बॉबिन, कोन, शटल, वार्पिंग, जेकार्ड, डिझाईन हे शब्द आधीच तोंडपाठ असतात. ते इंग्रजी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हे शब्द फळ्यावर लिहा, वडिलांच्या कामाची पाच वाक्यं तयार करून घ्या. स्टेशनवरची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत होते. फोनवर रेकॉर्ड करून आणली की ऐकण्याचा उत्तम पाठ होतो, कारण अर्थ आधीच कळलेला असतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मुलांच्या डोक्यात दुसरं काही नसतं, तेव्हा पाळण्याचे, भेंडबत्ताशाचे, नंदीध्वजांचे वर्णन लिहायला द्या.

एक काळजी घ्या. पालकांचं काम वर्गात आणताना मुलाची तयारी आहे ना ते बघा (प्रश्न 14).

8. आठवीत काही मुलं परिच्छेद लिहितात, काहींना एबीसीडीही नीट येत नाही. एकच तास कसा घेऊ?

विषय एक ठेवा, काम तीन पातळ्यांचं द्या. बाजाराचं चित्र घेतलं तर एकाने वस्तूंची नावं लिहावीत, दुसऱ्याने 'देअर इज, देअर आर' वापरून पाच वाक्यं, तिसऱ्याने गिऱ्हाईक आणि दुकानदाराचा संवाद. शेवटी तिघांनी मिळून तो संवाद म्हणायचा, ज्याने नावं लिहिली तो दुकानदार. हुशार, मध्यम, ढ अशा कायमच्या रांगा करू नका. दर पंधरा दिवसांनी गट मोडा, आणि कामाप्रमाणे बदला. बोलण्यात पुढे असलेलं मूल लिहिण्यात मागे असतं, हे तुमच्या लक्षात येईल.

ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना पहिलीचं पुस्तक देऊ नका. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात सफरचंदाचं चित्र दिलं की त्याची मान खाली जाते. मोबाईल रिचार्ज, क्रिकेटचा स्कोअर, बसची पाटी, त्याच्या वयाचं जे असेल त्यातून अक्षरं शिकवा.

9. ऊसतोडीच्या हंगामात मुलं मध्येच येतात, मध्येच जातात. त्यांचं काय?

आधी प्रवेश. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये हे स्पष्ट आहे. वयानुसार वर्गात बसवायचं, हे कलम 4 मध्ये.

शिकवण्याच्या बाबतीत, दिवाळीनंतर आलेल्या मुलाला आधीचे आठ धडे भरून काढायला लावू नका. ते होत नाही, आणि मूल खचतं. चालू धड्यापासून सुरू करा आणि एक जोडीदार द्या. जाताना त्याच्या हातात एक वही द्या: त्याला आलेले शब्द, वाक्यं, आणि पहिल्या पानावर पुढच्या शिक्षकासाठी चार ओळी. "याला वाचता येतं, लिहायला लाजतो, घरी बंजारा बोलतात." मी असं लिहिलेली एक वही पुढच्या हंगामात परत आली, आत दुसऱ्या कुठल्या तरी मॅडमच्या अक्षरात दोन पानं भरलेली होती.

10. मूल इंग्रजीत मागे आहे ते भाषेमुळे की डिस्लेक्सियामुळे (वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेमुळे), कसं ओळखायचं?

निदान आपण करायचं नाही, पण पुढे पाठवायचं की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं. बी आणि डी उलटसुलट होणं पहिली-दुसरीत सर्वसाधारण आहे, तेवढ्यावरून घाबरू नका.

पहिली कसोटी: मराठी वाचन कसं आहे? मराठी सहज वाचतं आणि इंग्रजीतच अडतं, तर बहुधा आपलं शिकवणं कमी पडतंय. मराठीतही जोडाक्षरं, वेलांट्या गळतात, पण तोंडी उत्तरं चोख असतात, तर लक्ष द्या.

इथेच सोलापुरात गडबड होते. तेलुगु किंवा कन्नड घरातल्या मुलाची मराठीही दुसरी भाषा असते. दोन्हींत अडणं म्हणजे अक्षमता असं तिथे धरता येत नाही. त्या मुलाला घरच्या भाषेत तपासा. ते समजणारा सहकारी किंवा पालक शेजारी बसवा. गोष्ट क्रमाने सांगता येते का, यमक ऐकू येतं का, शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजता येतात का हे बघा. घरच्या भाषेतही शब्दांचे आवाज सुटे करता येत नसतील तर पुढची तपासणी नक्की करून घ्या.

याच्या उलटही घडतं. मराठीत लिहिलं तसं वाचलं जातं, इंग्रजीत तसं नाही: 26 अक्षरं आणि साधारण 44 आवाज. त्यामुळे सौम्य अडचण मराठीत झाकली जाते आणि इंग्रजीत उघडी पडते. भरपूर आणि नीट शिकवूनही सहा महिन्यांत काहीच हललं नाही, तर मराठी चांगलं आहे म्हणून गप्प बसू नका. गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना सांगा.

11. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत काय सवलत मिळते?

जादा वेळ आणि लेखनिक या मुख्य सवलती. कोणत्या दिव्यांगत्वाला नेमकी कोणती, हे बोर्डाच्या चालू परिपत्रकात बघा. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने लागू शकतात, म्हणून दहावीची वाट बघू नका, नववीच्या सुरुवातीलाच हालचाल करा. लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणं हीसुद्धा सरावाने येणारी गोष्ट आहे, घटक चाचणीपासून सराव द्या.

12. वर्गात एक मूल कमी ऐकतं, एकाला दिसत नाही. इंग्रजीच्या तासाला काय बदलू?

कमी ऐकणाऱ्या मुलासाठी: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओठ वाचणाऱ्या मुलाला 'पॅट', 'बॅट' आणि 'मॅट' हे तिन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. आरशासमोर म्हणून बघा. म्हणून त्याला नुसतं तोंडी श्रुतलेखन देऊ नका, चित्र किंवा वाक्य सोबत द्या.

दृष्टिहीन मुलासाठी एक आनंदाची गोष्ट. मराठीचं ब्रेल त्याच सहा ठिपक्यांचं आहे आणि भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) क, ब, म, ल, प, र, स ही अक्षरं इंग्रजीच्या त्याच आवाजाच्या अक्षरांसारखीच लिहितात. म्हणजे मराठी ब्रेल वाचणाऱ्या मुलाला इंग्रजीची बरीचशी अक्षरं आधीच येतात. डोळस मुलांना मिळत नाही असा हा आधार आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) असतं, ते वापरायला शिकवा. अंधुक दिसणाऱ्यासाठी चाररेघी वहीच्या फिक्या रेघा काळ्या स्केचपेनने ठळक करून द्या. दहा मिनिटांचं काम आहे, पालकही करू शकतात.

13. एकाला जादा वेळ, दुसऱ्याला सोपं काम. बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का?

हा प्रश्न पालक विचारतात, मुलं क्वचितच. चष्मा लावलेल्या मुलाला आपण चष्मा काढून परीक्षा द्यायला सांगत नाही. तपासायचं काय आहे ते ठरवा. वाचून समजलं का हे तपासायचं असेल तर स्पेलिंगचे गुण कापू नका, आणि हा नियम सगळ्यांना लावा. स्पेलिंगच तपासायचं असेल तेव्हा ते सगळ्यांचं तपासा. कुणाला तोंडी, कुणाला चित्रातून, कुणाला लिहून उत्तर देऊ द्या. आकारिक मूल्यमापनात एवढी मोकळीक तुमच्या हातात असते. काम सोपं केलंत तर ते काही आठवड्यांपुरतंच असू द्या. वर्षभर नुसती नावं लिहिणाऱ्या मुलावरच खरा अन्याय होतो.

14. मी घरच्या भाषेला जागा देते, पण मूलच म्हणतं, "आम्ही मराठीच बोलतो." आता?

असं होतं, आणि त्याला कारण असतं. पारधी, कैकाडी, वडार, बंजारा मुलांनी आपली बोली बाहेर बोलल्यावर काय ऐकावं लागतं हे लहानपणीच अनुभवलेलं असतं. तुमचा प्रश्न प्रेमाचा असला तरी चाळीस जणांसमोर ती ओळख उघडी पडते.

माझ्याकडून ही चूक झाली आहे. दुसऱ्या उत्तरातली ओळ भरताना मी एका मुलीला नाव घेऊन विचारलं, "तांड्यावर काय म्हणतात गं?" ती खाली बघत "आईच म्हणतात" म्हणाली, आणि दोन दिवस शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईशी बोलले. मुलीची माफी मागितली.

तेव्हापासून नाव घेऊन विचारणं बंद केलं. वर्गाच्या दाराजवळ बुटांचा एक रिकामा खोका ठेवलाय, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. आठवड्याचे पाच इंग्रजी शब्द खोक्यावर चिकटवलेले असतात. ज्याला वाटेल त्याने आपल्या भाषेतला शब्द लिहून टाकायचा, नाव लिहायचं नाही. शनिवारी आम्ही खोका उघडतो आणि सगळे शब्द भिंतीवर लावतो. उर्दू लिहिणारी मुलं उजवीकडून लिहितात, तेही तसंच राहू देतो. शब्द कुणाचा, हे मी विचारत नाही आणि मुलांनाही विचारू देत नाही. गेल्या शनिवारी एका चिठ्ठीवर 'याडी' होतं, खाली पेन्सिलीने आईचं चित्र.